एकोणीस दिवसांचं ‘परवा’

गुडघ्याबद्दल लिहा, असं मला आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. विद्यानगरला त्यांच्याकडं येणारे निम्मे लोक माझ्यासारखेच, चाळिशी उलटल्यावर अंगात आलेले. कुणी पळायला लागलेलं, कुणी बॅडमिंटन खेळायला. दुखलं की आठ-पंधरा दिवस लपवायचं, पट्टा बांधून पुन्हा खेळायला जायचं आणि मग लंगडत त्यांच्याकडं यायचं, हा सगळ्यांचा क्रम ठरलेला. “तुमचं वाचून दोन माणसं जरी वेळेवर आली तरी पुष्कळ झालं,” असं त्या म्हणाल्या.

लिहायला बसलो तेव्हा कळलं, की गुडघ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. लिगामेंट तुटलं, नवं बसवलं, दहा महिन्यांत मी पळायला लागलो. पण त्या दुखण्यात मी नको तिथं एकदा ‘हो’ म्हणालो. त्याची हळहळ काही जात नाही. सांगायचं आहे ते तेच.

मी हैदराबादला रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, तारनाक्याला. मूळचा नांदेडकडचा, पण नोकरी लागल्यापासून नल्लकुंट्यात राहतो आणि आता इथलाच झालो आहे. बायको रेखा शाळेत शिकवते. मुलगी सानिका, आमची सानू. सानू बारा वर्षांची असताना तिला नारायणगुड्याला तायक्वांदोच्या क्लासला घातलं. मुलीला चार लाथा मारता आल्या पाहिजेत, ही कल्पना रेखाचीच. सोडायला-आणायला मी. तासभर बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. तिथले मास्तर अन्वर सर. त्यांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले, “बैठ के पेपर क्या पढ रैं साब? अंदर आ जाओ.”

गेलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, पोट पुढं आलेलं, क्लासचा पांढरा दोबोक घालून दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा. हुकूम सगळे कोरियन. ‘शिजाक’ म्हटलं की सुरू करायचं, ‘कल्यो’ म्हटलं की जिथं असाल तिथं थांबायचं. ऑफिसात मला कुणी थांब म्हटलं तर डोकं फिरतं. इथं साठीतला एक सडपातळ माणूस परक्या भाषेत थांबवायचा आणि मला बरं वाटायचं. चार वर्षांत पोट गेलं, बीपी उतरलं. सानू आणि मी बरोबरीनं पट्टे बदलत लाल पट्ट्यापर्यंत आलो. काळ्या पट्ट्याची परीक्षा दोघांनी एकाच दिवशी द्यायची, हे सानूनंच ठरवून टाकलं होतं. “पप्पा, फोटो एकच काढायचा, दोघांचा. पक्का?” पक्का, मी म्हटलं होतं.

रेखाची एकच अट होती. “लाथा मारा नाहीतर नाचा. पण या वयात हाडं मोडून घेतलीत तर मी काही उशाशी बसणार नाही. जरा लचकलं तरी बंद. कबूल?” तेही मी कबूल केलं होतं.

टक्

परीक्षेला दोन महिने होते. त्या बुधवारी सानूच्या इंटर कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, टेस्ट होती म्हणून मी एकटाच क्लासला गेलो. उडी घेऊन गिरकीची लाथ मारायला अन्वर सरांनी मला मना केलं होतं. “आपकी उमर में ये नक्को साब. इम्तहान में पूछते भी नहीं.” सर पलीकडच्या कोपऱ्यात लहान मुलांना शिकवत होते. मला वाटलं, एकदा मारून बघू. मारली. पाय टेकला, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. आत टक् असा आवाज झाला. कुणालाच ऐकू गेला नाही.

दुपारपर्यंत गुडघा टम्म फुगला. ऑफिसच्या कँटीनमधून बर्फ मागून घेतला आणि टेबलाखाली पाय घालून तो लावत बसलो. घरी फुल पँट घालूनच वावरलो. “घरात पँट कशाला?” असं रेखानं विचारलं, तर म्हटलं, डास फार झालेत. चार दिवसांनी सूज उतरली. मी गुडघ्याला पट्टा बांधला, वरून दोबोक चढवला आणि क्लासला गेलो.

का सांगितलं नाही, याची मी स्वतःला तेव्हा बरीच कारणं दिली. रेखाला ताण नको, परीक्षा जवळ आली आहे, वगैरे. खरं कारण एवढंच, की सांगितलं असतं तर रेखा बरोबर ठरली असती आणि क्लास बंद झाला असता. जिना उतरताना गुडघा दोनदा जागेवरून निसटल्यासारखा झाला, तरी मी कठडा धरून सावरलो आणि गप्प राहिलो. माझ्यासारख्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा: सूज उतरली म्हणजे दुखणं बरं झालं असं नव्हे. गुडघा निसटत असेल तर आत काहीतरी तुटलेलं आहे आणि ते पट्ट्यानं जुळत नाही.

सोमवार

असे अडीच आठवडे काढले. शनिवारी मी सानूसाठी पॅड धरला होता. तिची एक लाथ पॅडवरून सटकून माझ्या गुडघ्याला लागली. लागली कसली, शिवली. ती “सॉरी, सॉरी” म्हणत हसली, मीही हसलो.

सोमवारी सकाळी सरांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. छातीला संरक्षक कवच, डोक्याला टोप. “शिजाक!” सानूनं लाथ मारली, ती कवचावर बरोबर जिथं बसायला हवी तिथंच बसली. मी मागं सरकलो, सगळा भार उजव्या पायावर घेऊन वळलो आणि गुडघा कोसळला. मी ओरडलो. मोठ्यानं, लाज सोडून. सर “कल्यो, कल्यो” करत धावले. सानू त्याआधीच थांबली होती, तोंडावर दोन्ही हात धरून.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. रेखा शाळेतून तशीच आली, पदराला खडू लागलेला. डॉक्टरबाई तरुण होत्या, पुण्याच्या. आमचं बोलणं ऐकून “अरे वा, मराठी!” म्हणत खूश झाल्या. गुडघा हातात धरून हलवून पाहिला आणि विचारलं, “काका, याआधी याला काही झालं होतं का?”

इथं हैदराबादच्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं ‘परसों’ म्हणजे कालच्या आधीचा दिवस नव्हे. परसों म्हणजे झालं केव्हातरी. मागच्या आठवड्यातलं परसों, मागच्या दिवाळीतलं परसों, कुणाचं लग्न होऊन पोरं शाळेत गेली तरी ते लग्नही परसोंच. इतकी वर्षं इथं राहून आमच्या मराठीतलं ‘परवा’सुद्धा तितकंच सैल झालं आहे. मी म्हणालो, “परवा जरा मुरगळला होता.”

खोटं नव्हतं ते. शब्द असा होता, की त्यात मला दडून बसता येत होतं. पण पुण्यात परवा म्हणजे परवाच. “म्हणजे शनिवारी,” असं म्हणत डॉक्टरबाई लिहायला लागल्या.

“शनिवारी माझी लाथ सटकली होती,” सानू म्हणाली. ती अजून दोबोकमध्येच होती, माझ्या पायाशी उभी. “पप्पांच्या गुडघ्याला लागली होती. मी हसले होते.”

“तेव्हापासूनच दुखतंय का, काका?”

रेखा माझ्याकडं बघत होती. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही डॉक्टर, तीन आठवडे होत आले, माझ्याच मस्तीनं झालं. त्यानंतर रेखा दहा मिनिटं बोलली असती. फार तर दहा दिवस.

“हो,” मी म्हणालो.

सानूनं मान खाली घातली. मी स्वतःला म्हटलं, पोरगी आहे, आठ दिवसांत विसरेल. घरी गेलो की सावकाश सांगू.

वॉर्डातले दिवस

शस्त्रक्रियेबद्दल विशेष सांगत नाही. पाठीत सुई देऊन कमरेखालचं शरीर बधिर करतात, तेवढं मात्र सांगतो, कारण त्याची भीती मला कुणी आधी सांगितली नव्हती. वॉर्डात आणल्यावर मी अंगठा हलवायला गेलो तर अंगठा हलेना. हे तात्पुरतं असतं असं सांगितलेलं होतं, तरी मला दरदरून घाम फुटला. चारेक तासांनी अंगठा जरासा हलला, तेव्हा मी रडलो. रेखानं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून बाटलीत पाणी भरायला गेली.

सकाळी पाचला थर्मामीटर. सहाला यादम्मा, वॉर्डातली मावशी. भांडं द्यायची वेळ आली की ती तोंड खिडकीकडं करून स्वतःच्या जावयाच्या कागाळ्या सांगत राहायची, म्हणजे मला अवघडल्यासारखं होऊ नये. वॉकर घेऊन पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा कमरेला धरून “मेल्लगा सार, मेल्लगा” म्हणत होती. हळू, साहेब, हळू. हे कुणीतरी मला महिनाभर आधी सांगायला हवं होतं, असं मनात आलं. मग आठवलं, की सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी एकटाच होतो. त्या खुर्ची ओढून बसल्या.

“काका, लिगामेंट नीट बसलंय. पण आतली गादी पार कुरतडली गेली होती, थोडी काढावी लागली. हे दोन दिवसांचं काम नाही. तुटलेल्या गुडघ्यावर तुम्ही खेळत होतात.”

“मी परवा म्हटलं ते आमच्याकडचं परवा,” मी म्हणालो.

“किती दिवसांचं असतं तुमच्याकडचं परवा?”

“एकोणीस.”

त्या हसल्या नाहीत. “लगेच आला असतात तर गादी वाचली असती. ते जाऊ दे. पण तुमची मुलगी काल मला बाहेर गाठून विचारत होती, लाथ किती जोरात लागली की लिगामेंट तुटतं. मी काही तुमच्या घरात येऊन बोलणार नाही. तुम्ही बोला.”

बोलतो, मी म्हटलं. त्या दुपारी सानू कॉलेजातून थेट आली. चमच्यानं मला सूप पाजलं, नखं कापली, पायाखालची उशी तीनदा नीट केली. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे आजोबा म्हणाले, “मी अम्माई बंगारम सार.” तुमची मुलगी सोनं आहे. ती कशाची भरपाई करत होती ते मला माहीत होतं. मी आजोबांकडं बघून हसलो आणि सूप प्यायलो.

चौथं शील

उशाशी बसणार नाही म्हणणाऱ्या रेखानं पंधरा दिवस रजा काढली. तोंडाचा पट्टा चालू, पण हातही चालू. सानूला ती काही बोलली नाही. एकदाच, माझा पाय उचलून स्टुलावर ठेवताना बोलून गेली, “सानू, बाई, पप्पांच्या वयाकडं बघून तरी जरा हळू मारायचंस.” सानू “हो मम्मी” म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. मी तिथंच होतो. टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं बसून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणतो. मला तेव्हा खुर्ची दिलेली असायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की मला खोकला यायचा. सानू मात्र प्रत्येक शब्द स्वच्छ म्हणायची.

रोज सकाळी ती माझे व्यायाम मोजायची, क्लासमध्ये मोजतात तसेच कोरियन भाषेत: हाना, दुल, सेत. दहावर मी कण्हलो तरी पंधरापर्यंत न्यायची. परीक्षेच्या दिवशीही ती मोजत बसली होती. मी विचारलं, “अगं, आज परीक्षा ना?” तर म्हणाली, “इंटरचा अभ्यास लई आहे पप्पा. पुढच्या वेळी.” अन्वर सरांचे फोन यायचे: “बच्ची को भेजो साब, पूरे क्लास में उसकाच पाँव साफ चलता.” मी अभ्यासाचंच कारण पुढं करायचो. ते सोयीचं होतं. सांगायचं आठवड्यावरून महिन्यावर गेलं आणि मग त्याला काही मुदतच राहिली नाही.

समोर माणूस असला की

मे महिन्यात सानूची इंटरची परीक्षा आटोपली. त्याच आठवड्यात फिजिओच्या मॅडमनी मला पळायला परवानगी दिली. मी मोठ्या उत्साहात घरी आलो. सानू कपड्यांच्या घड्या घालत होती.

“चल सानू, सोमवारपासून क्लास. दोघं.”

“तुम्ही जा पप्पा. मी नाही येत.”

“आता कसला अभ्यास?”

“अभ्यास नव्हताच.” तिनं हातातली घडी पूर्ण केली. “मी गेले होते दोनदा, डिसेंबरात. तुम्हाला बोलले नाही. पॅड असला की जमतं. समोर माणूस उभा राहिला की पाय उठत नाही. तुमचं ओरडणं ऐकू येतं.”

तेव्हा मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. गिरकीपासून सुरुवात केली, मग बर्फ, मग पँट, मग ते डास. रेखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“म्हणजे शनिवारचं नव्हतंच?” सानूनं विचारलं.

“नव्हतं.”

“आणि सोमवारचं?”

“आधीच तुटलेलं होतं. तू समोर नसतीस तर जिन्यावर पडलो असतो.”

तिनं पुढचा कपडा घडीला घेतला. बोलली ती रेखा. “मला घाबरलात, ते समजलं मला. माझ्या शाळेतली निम्मी पोरं मला घाबरतात. पण लेकराच्या अंगावर ढकललंत? आणि मी तिला बोलले त्या दिवशी तिथंच बसला होतात ना?”

मी बसलोच होतो. रेखा आत आली, सानूसमोर खाली बसली आणि म्हणाली, “सानू, मी तुला बोलले. माझं चुकलं.” ज्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं तिनं माझ्याआधी माफी मागितली. मी मागून मागितली. दुसऱ्या क्रमांकानं मागितलेल्या माफीला काय अर्थ असतो ते मला त्या दिवशी कळलं.

मला भाबडेपणानं वाटलं होतं, की खरं कळलं की तिचा पाय सुटेल. जूनमध्ये ती एकदा आली माझ्याबरोबर. सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्याच उंचीची एक मुलगी तिच्यासमोर उभी केली. शिजाक म्हटलं. सानू नुसती उभी राहिली. समोरच्या मुलीनं दोन लाथा मारल्या, त्या तिनं अंगावर घेतल्या. सरांनीच थांबवलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, “मला आता माहितेय की मी काही केलं नाही. पण माझ्या पायाला नाही माहीत.” तिचा दोबोक तिनं क्लासमधल्याच एका मुलीला देऊन टाकला. परीक्षेचा फॉर्म मीही भरला नाही. यात त्याग वगैरे काही नाही, एकट्यानं द्यायची इच्छाच झाली नाही.

मॅडमना हवा होता तो सल्ला इथंच देऊन टाकतो. दुखलं तर त्याच दिवशी दाखवा. घरात कुणाची बोलणी बसणार असतील तर बसू द्या. आणि दुखणं कुणामुळं झालं, हे घरातल्या माणसांना आपल्या मनानं ठरवू देऊ नका. गादी कापून काढता येते. दुसरं कशानं निघतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सानू आता इंजिनिअरिंगला आहे. तिची कॉलेजची बस सकाळी सातला आमच्या चौकात येते. मला चालायचंच असतं, म्हणून मी तिच्याबरोबर चौकापर्यंत जातो. आम्ही बोलतो. हॉस्टेल नको असं तीच म्हणाली. कँटीनमधल्या डोश्यावरून, लेक्चररच्या इंग्रजीवरून ती चेष्टा करते, मी हसतो. गेल्या महिन्यात एका सकाळी बसला उशीर झाला होता. ती मोबाइलमध्ये बघत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

“पप्पा, दवाखान्यात त्या मॅडमना तुम्ही ‘हो’ म्हणालात ना, तेव्हा माझ्याकडं बघितलं होतं?”

नाही म्हणता आलं असतं. ती तेवढंच मागत होती, हे मला समजत होतं. पण मी आता तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं आहे.

“बघितलं होतं,” मी म्हणालो.

तिनं मोबाइल बॅगेत ठेवला.

“मला वाटत होतं, नसेल बघितलं,” ती म्हणाली. बस आली आणि ती चढून गेली.